कप येईपर्यंत अनवाणी

सिरसाळ्याच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे. माणसाच्या तोंडाआधी माझी नजर त्याच्या पायाकडं जाते, ही धंद्याची खोड. त्यामुळं अनवाणी माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. आणि आमच्या जिल्ह्यात अनवाण्यांचा काही तुटवडा नाही. गरिबीनं अनवाणी फिरणारे आता कमी झालेत, नवसानं फिरणारे वाढलेत. कुणी पोरगी नांदायला जावी म्हणून, कुणी आपला नेता मंत्री व्हावा म्हणून. शेजारच्या गावचा राधाकिशन नेत्यासाठी दोन उन्हाळे तसाच भाजत फिरला. नेता मंत्री झाला, तेव्हा त्यानं स्टेजवर खाली बसून राधाकिशनच्या पायात स्वतःच्या हातानं चप्पल घातली. त्याचे फ्लेक्स परळीपासून तेलगावपर्यंत लागले. रीतच तशी आहे आमच्याकडं, ज्याच्यासाठी चप्पल सोडली त्यानंच ती घालायची. ती चप्पल माझ्या दुकानातली नव्हती, बीडहून आणली होती, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पण राधाकिशनचं सोडा. मला सांगायचंय ते गहिनीनाथबद्दल.

गहिनीनाथ माझा शाळेपासूनचा दोस्त. गणितात आम्ही दोघांनी एकाच साली गटांगळ्या खाल्ल्या. मग तो बापाच्या मोसंबीच्या बागेत गेला आणि मी बापाच्या दुकानात. पन्नाशी उलटली आणि त्याला शुगर निघाली. आंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्यासमोर बजावलं होतं, "चुकून पेढा खाल्लात तर मी रागवेन. पण अनवाणी पाऊल टाकलंत तर माझ्याकडं येऊच नका." शुगरवाल्यांसाठी मऊ तळव्याची वेगळी चप्पल येते. ती मी त्याच्यासाठी मुद्दाम मागवली. निळ्या पट्ट्यांची, दिसायला बेंगरूळ. "बायकांची दिसती बे," म्हणत त्यानं ती घातली, आणि नंतर बागेत, लग्नात, मयतीत तीच त्याच्या पायात असायची.

त्याचा एकुलता एक मुलगा तानाजी. लहानपणापासून ताडमाड वाढला. वनमाला वहिनी म्हणायच्या, "ह्याला खाऊ घालावं का ह्याच्यासाठी घराची चौकट उचलून घ्यावी, तेच कळंना." शाळेत खेळ शिकवणाऱ्या मंजुषा मॅडमनी त्याच्या हातात बास्केटबॉल दिला, आणि त्या चेंडूमागं पोरगं पार पुण्याच्या वसतिगृहापर्यंत गेलं. इकडं गावात कुणाला त्या खेळाचा गंध नव्हता. आमच्याकडं मैदान म्हणजे कबड्डी नाहीतर कुस्ती. टोपलीत चेंडू टाकून पोट भरतं, यावर विश्वास ठेवणारा गावात एकच माणूस होता, गहिनीनाथ.

मागल्या साली राज्यात बास्केटबॉलची व्यावसायिक लीग निघाली. आठ संघ, खेळाडूंचा लिलाव, मोबाइलवर सामने. आमच्या भागातल्या एका मोठ्या पुढाऱ्याचे पुतणे भैय्यासाहेब, त्यांनी एक संघ घेतला. त्यांना पुढं आमदारकी लढवायची होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संघाचं नाव ठेवलं 'बालाघाट बिबटे'. बास्केटबॉल लोकांना माहीत नसला तरी बिबट्या चांगलाच माहीत होता, त्यामुळं नाव लगेच चाललं. लिलावात बिबट्यांनी तानाजीला घेतलं. जिल्ह्यातला एक तरी पोरगा पाहिजे म्हणून घेतलं, असं लोक म्हणाले, आणि खोटं नव्हतं ते. करार एकाच हंगामाचा होता.

"संघ चालला तर पोरगं टिकंल," गहिनीनाथ म्हणायचा. "संघ बुडाला तर त्याला कोन इचारतंय? मग हायच मोसंबी." हे त्याला आतून लागलं होतं. पोरानं बागेत यायला त्याची ना नव्हती. पण हरून यावं, हे त्याला बघवणार नव्हतं.

आणि बिबटे हरतच सुटले. सांगलीकडून हरले, नाशिककडून हरले, घरच्या मैदानावर बीडला नागपूरकडून असे हरले की शेवटी समालोचन करणाऱ्यालाच लाज वाटायला लागली. तानाजी बाकावर बसून असायचा. गहिनीनाथ माझ्या दुकानात, चपलांच्या खोक्यांवर मोबाइल टेकवून सामना बघायचा, आणि कॅमेरा चुकून बाकाकडं वळला की मला कोपर मारायचा. "बघ, कसा ताठ बसलाय. बाकीचे बघ कसे पोत्यावानी बसलेत." बापाची माया अशी असते, तिला बसण्यातही गुण दिसतो.

असाच एक सामना हरल्यावर आम्ही बीडहून परत निघालो होतो. गहिनीनाथ म्हणाला, नारायणगडावर जाऊन येऊ. तो दर्शनाला गेला आणि मी बाहेर त्याच्या चपलांपाशी थांबलो. "चपला राखायला तुझ्यासारखा मानूस कुटं मिळायचा?" असं म्हणून गेला होता. परत आला तो पायऱ्या उतरून सरळ गाडीकडं चालायला लागला.

"अबे, चप्पल!" मी ओरडलो.

"तुझ्याजवळ ठिव, मैनू. बिबटे बाद फेरीत गेल्याबिगर घालायची न्हाई. बोललो मी नारायणाला."

मी जे बोललो ते देवाच्या दारात बोलायचं नव्हतं. "शुगर हाय बे तुला! दुसरं कायतरी सोड. तंबाखू सोड. च्या सोड. चप्पलच कावून?"

"तंबाखू सोडली तर देव हसंल मला," तो म्हणाला. "जड जाईल असंच सोडावं लागतं."

निळी चप्पल मी पिशवीत घातली आणि दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर ठेवली. माझी बायको बीबीजान म्हणाली, "चार दिवसांत येऊन घेऊन जातील. पाय पोळले की नवस आठवत नाही." आम्हाला दोघांनाही तसंच वाटलं होतं.

पण चार दिवसांनी तो आला तो उड्या मारतच आला. "मैनू, गंमत सांगू का? कायबी जड जात न्हाई. खडा टोचत न्हाई, डांबराचा चटका बसत न्हाई. बागेत बाभळीच्या काटेरी फासावरून चाललो, तरी पायाला पत्ता न्हाई. नारायणानं कबूल केलं रं माझं."

मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. शुगरमध्ये पायाची जाणीव मरते, म्हणून तर ती चप्पल. मी त्याला सांगितलं, "ही किरपा न्हाई गहिन्या, ही शुगर हाय. पाय मुका झालाय तुझा." तो हसला. "तुमच्यात नवस नसत्यात का? दर्ग्यावर चादर तुमीच चढवता ना?" आणि खरं सांगतो, त्या आठवड्यात माझंही बोलणं लुळं पडलं, कारण बिबटे जिंकायला लागले होते.

झालं असं, की संघात रिंगखाली खेळणाऱ्या पंजाबी सेंटरचा घोटा मुरगळला आणि तानाजीला पहिल्या पाचात उतरवावं लागलं. त्यानं पुण्याविरुद्ध रिंगवर आपटून उडालेला एकेक चेंडू असा ओढून आणला की गावातल्या ज्यांना नियम कळत नव्हते त्यांनीही शिट्ट्या मारल्या. पुण्याला हरवलं. मग कोल्हापूरला. मग ज्या नागपूरनं आमची लाज काढली होती त्याच नागपूरला, त्यांच्याच घरी. सिरसाळ्यात चहाच्या टपरीवर लोक 'रिबाउंड' हा शब्द असा वापरायला लागले जसा तो आजोबांनी शिकवला असावा. कबड्डीची पोरं खांबाला लोखंडी रिंग ठोकून खेळायला लागली. आणि तानाजीचा बाप नवसानं अनवाणी फिरतोय, ही गोष्ट बिबट्यांच्या कपडे बदलायच्या खोलीपर्यंत पोचली.

तेव्हापासून एक नवीनच सुरू झालं. बीडला सामना असला की गहिनीनाथ पहिल्या रांगेत बसायचा, आणि मैदानात उतरताना सगळे बिबटे ओळीनं येऊन त्याच्या पायाला हात लावायचे. पंजाबी लावायचा, केरळचा लावायचा, तो साडेसहा फुटी नायजेरियाचा गडीही वाकून लावायचा. तानाजी शेवटी. गहिनीनाथ सगळ्यांच्या पाठीवर थाप मारायचा, तो नायजेरियावाला वाकला तरी त्याच्या पाठीपर्यंत हात पुरायचा नाही, म्हणून त्याच्या दंडावर. लोक टाळ्या वाजवायचे. माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं, उगाच नाही म्हणू कशाला? सगळे पायाला वरून हात लावायचे. तळवा कुणी बघितला नाही.

साखळीतला शेवटचा सामना बीडलाच होता. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर घरी. मी निळी चप्पल पिशवीत घालून बरोबर नेली. वनमाला वहिनीही आल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी अर्धा सामना पदर तोंडावर धरून बघितला. जिंकलो. कसे जिंकलो हे सांगत बसत नाही, पण शेवटच्या मिनिटाला तानाजीनं हवेतच चेंडू धरून रिंगमध्ये कोंबला, तेव्हा बीडच्या त्या पत्र्याच्या छताखाली असा कल्ला झाला की कबुतरं उडून गेली. मी गहिनीनाथला मिठी मारली आणि पिशवीतून चप्पल काढली.

"घाल बे आता. फिटला नवस."

"रीतीनं घालू," तो म्हणाला. "भैय्यासाहेबांच्या हातानं. त्यांचा संघ हाय."

कुणीतरी भैय्यासाहेबांच्या कानावर घातलं. ते माइक घेऊन मैदानात आले, पांढरे कपडे, कपाळाला गुलाल. त्यांनी गहिनीनाथला मधोमध बोलावलं. खुर्ची मागवली, त्याला बसवलं, स्वतः गुडघ्यावर बसले आणि माझ्या हातातली चप्पल घेतली. कॅमेरे पुढं सरकले. वहिनींनी हात जोडले. उजवी चप्पल गहिनीनाथच्या पायापासून वीतभर अंतरावर होती, मी समोरच उभा होतो, मला नीट आठवतं.

तेवढ्यात भैय्यासाहेब थांबले. माइक तोंडाशी नेला. "काका, आता कशाला घालायची? आता तर खरी लढाई! बीडकर हो, सांगा, कप आणल्याशिवाय काकांना चप्पल घालायची का?"

"न्हाई!" सगळं स्टेडियम ओरडलं.

"कप आल्यावर मी ह्याच हातानं, ह्याच जागी घालणार! मंजूर का काका?"

गहिनीनाथनं उभं राहून हात जोडले आणि तोही माइकवर बोलला, "मंजूर!" लोकांनी त्याला खांद्यावर उचललं. भैय्यासाहेबांनी चप्पल माझ्याकडं न बघता माझ्या हातात परत दिली. मी ती पिशवीत घातली. हजारो माणसांच्या 'न्हाई'समोर एका चप्पलवाल्याच्या 'हो'ला काय किंमत?

गाडीत मी भांडलो. "तुझा नवस बाद फेरीचा हुता. नारायणाशी बोललास ते फिटलं. हे वरचं माइकवाल्याशी हाय, देवाशी न्हाई."

"चार मानसांत बोललो ना बे. पोराच्या संघासमोर बोललो. आता मी चप्पल घातली अन् तिकडं हरले, तर? सगळे म्हनतील बापानं घालवला कप." यातलं त्याचं काही खोटं नव्हतं. म्हटलेच असते लोक.

दोन दिवसांत त्याचा हात जोडलेला फ्लेक्स लागला. खाली लिहिलं होतं, 'कप येईपर्यंत अनवाणी'. वर भैय्यासाहेबांचा फोटो त्याच्या दुप्पट होता.

उपांत्य सामन्याच्या आदल्या सकाळी वनमाला वहिनी दुकानात आल्या. त्या कधी दुकानात येत नसत. म्हणाल्या, "भाऊजी, घरात चला. फरशीवर लाल ठसे उमटायलेत. ह्यांना इचारलं तर म्हनतेत, कुंकू सांडलं असंल." मी गेलो. गहिनीनाथला खाटेवर पालथं पाडून उजवा पाय उचलला. अंगठ्याच्या खाली बाभळीचा काटा मोडून रुतला होता, केव्हाचा कुणास ठाऊक, आणि भोवतीचं मांस काळं पडलं होतं. वास येत होता. तो मान वळवून विचारत होता, "काय हाय रं? काय हाय?" त्याला खरंच माहीत नव्हतं.

गावातल्या डॉक्टरनं पट्टी बांधली आणि आजच आंबाजोगाई गाठा म्हणून सांगितलं. गहिनीनाथ म्हणाला, फायनल झाल्यावर. मी चिडलो, बीबीजाननं हात जोडले, वहिनी रडल्या. तो एकच गोष्ट म्हणत होता, "तान्याला कुणी कळवलं तर माझं मेलेलं तोंड बघाल. त्याचं ध्यान हलायचं न्हाई." पुण्यात बिबट्यांनी उपांत्य सामना जिंकला. त्या संध्याकाळी गावात फटाके फुटले आणि गहिनीनाथला थंडी वाजून ताप भरला.

वहिनींनी शपथ मोडली. माझ्या दुकानातूनच त्यांनी तानाजीला फोन लावला, सगळं सांगितलं. मग तानाजी म्हणाला, "चाचांना द्या." मी फोन घेतला.

"चाचा, मी भैय्यासाहेबांना सांगतो. त्यांनी नुसता व्हिडिओ पाठवला की काका चप्पल घाला, तरी बापू ऐकतील."

तासाभरानं त्याचा फोन आला. आवाज पडलेला. भैय्यासाहेब म्हणाले होते, दोनच दिवस राहिलेत. टीव्हीवाले फायनलला कप अन् चप्पल एकत्र दाखवणार आहेत, आता मधेच सोडलं तर सगळी मजा जाईल. काकांना म्हणावं, दवाखान्यात जा, पण चप्पल घालू नका. "दवाखान्यात तरी न्या चाचा," तानाजी म्हणाला. पण बापाला दवाखान्यात न्यायला बाप हलायला पाहिजे. तो खाटेवरून म्हणाला, "फायनल बघितल्याबिगर मला कुनी उचललं तर मी गाडीतनं उडी मारीन." आणि तो मारणारा होता.

फायनल त्यानं माझ्या मोबाइलवर बघितली, घरी, अंगावर दोन गोधड्या घेऊन. समोर पुणे. मी आयुष्यात इतका वाईट सामना इतक्या आशेनं बघितला नाही. शेवटची काही सेकंदं राहिली आणि आपण एका गुणानं मागं. तानाजीला रिंगखाली पाडलं, दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले तर कप.

पहिला आत गेला. बरोबरी. गहिनीनाथ उठून बसला.

दुसरा टाकण्याआधी तानाजीनं चेंडू जमिनीवर आपटला आणि खाली बघितलं. नेहमी तो रिंगकडं बघायचा. चेंडू रिंगच्या कडेवर चढला, एक फेरा घेतला आणि बाहेर पडला. मग जादा वेळ झाला. त्यात बिबटे संपूनच गेले, पुण्यानं त्यांना दमच घेऊ दिला नाही. पडद्यावर पिवळ्या कागदाचे तुकडे उडाले, कप दुसऱ्यांच्या डोक्यावर गेला. तानाजी मैदानावर उकिडवा बसला होता, दोन्ही हात पायांच्या पंज्यांवर.

"मी फोन करायला नको हुता," वनमाला वहिनी भिंतीकडं बघत म्हणाल्या. मी मोबाइल खिशात टाकला आणि गाडी काढायला उठलो.

आम्ही गहिनीनाथला रात्र व्हायच्या आत आंबाजोगाईला नेलं. डॉक्टरीणबाई त्याला काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आधी अंगठा काढला. मग दोन बोटं. विष वर चढत होतं. शेवटी गुडघ्याखालून उजवा पाय काढावा लागला. तानाजी तिथंच व्हरांड्यात बसून होता, लांबलचक पाय दुमडून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट करून देत. "चाचा," तो मला म्हणाला, "दुसऱ्या थ्रोच्या येळी मला रिंग दिसलीच न्हाई. पायच दिसला." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बसलेला होता म्हणून तो पुरला.

घरी आल्यावर गहिनीनाथनं कुबड्या घेतल्या आणि डावा पाय अनवाणीच टेकवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, उरलेला पाय तळहातावरच्या फोडासारखा जपा. मी निळी चप्पल पुढं केली. त्यानं मान हलवली. "कप आला न्हाई. पुढल्या साली आणतील. चार मानसांत बोललोय." माणूस इतका कसा हट्टी असतो? मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं.

शेवटी मीच बीडला गेलो, भैय्यासाहेबांच्या बंगल्यावर. रीत आहे ना, ज्यांनी थांबवली त्यांनीच घालावी. कप नसला तरी त्यांनी येऊन एकदा चप्पल घातली तर गहिनीनाथ नाही म्हणणार नाही, असं माझं गणित होतं. गणितात मी कच्चाच. दुपारभर बसल्यावर भेट झाली. भैय्यासाहेब चांगले बोलले, मला चहा पाजला. पण मी गहिनीनाथचं नाव घेतलं तेव्हा ते शेजारच्या माणसाकडं बघायला लागले.

"अनवाणीवाले काका," मी म्हणालो. "तानाजीचे वडील."

"हां हां! कसे आहेत?"

मी सांगितलं कसे आहेत. ते हळहळले. मनापासून हळहळले, खोटं बोलत नाही. मग म्हणाले, "संघ तर विकला हो आपण. नागपूरच्या एका बिल्डरनं घेतला. खर्च झेपेना, आणि पुढं निवडणूक. नाव पण बदललं त्यांनी. काकांना म्हणावं, घाला ना चप्पल. कुणीपण घाला. माझी काय हरकत असणार?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते आत गेले. माझा चहा अर्धा राहिला होता, तो मी तसाच ठेवून निघालो.

गहिनीनाथच्या घरी गेलो तेव्हा तानाजी उंबऱ्यात बसला होता. त्यालाही कळलं होतं. नव्या मालकानं नव्या संघात जुन्या बिबट्यांपैकी फक्त पंजाबी आणि नायजेरियावाल्याला ठेवलं होतं. मी आत गेलो तसा तोही मागून आला, चौकटीखालून वाकून, आणि बापाच्या खाटेपाशी जमिनीवर बसला.

"बापू, बिबटे इकले."

"इकले मंजी?"

"नागपूरच्या मानसाला दिला संघ. नाव बदललं. मला न्हाई घेतलं."

गहिनीनाथ खाटेवर कोपर टेकून उठला. "मग पुढल्या सालचा कप?"

"संघच न्हाई बापू आपला. कप कुनाचा आणनार?"

मला वाटलं होतं तो ओरडेल, भैय्यासाहेबांना शिव्या घालेल. पाय गेला तेव्हा जो माणूस डॉक्टरांशी थट्टा करत होता, तो आता लहान पोरासारखा ओठ आवळून बसला. पाय गेल्यावर त्याच्यापाशी नवस उरला होता. आता तोही उरला नव्हता.

"मैनू, तू गेलतास ना बीडला?" तो म्हणाला. "ते काय बोलले?"

"म्हनाले, चप्पल घाला."

"माझं नाव घेऊन बोलले का?"

"नाव घेऊन बोलले," मी म्हणालो. "गहिनीनाथकाकांना म्हनावं, असं."

त्याच्या तोंडावर किंचित काहीतरी हललं. खरं वाटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यानं पांघरुणातून डावा पाय बाहेर काढला आणि खाटेच्या कडेवरून खाली सोडला. मग तोंड भिंतीकडं फिरवलं, कारण डोळे भरले होते आणि पोरगं समोर होतं.

मी त्याच्या पायाशी बसलो. दुकानात रोज बसतो तसाच. पिशवीतून निळ्या पट्ट्यांची डावी चप्पल काढली, उजवी आतच राहू दिली. त्याची टाच माझ्या तळहातावर घेतली. टाच थंड होती, तळव्याला भेगा होत्या, अंगठ्याशेजारी एक नवा खडा रुतलेला होता. मी तो नखानं काढला, त्याचं अंग शहारलंही नाही. चप्पल सरकवली, मागचा पट्टा ओढला, बंद लावला, आणि दोन्ही हातांनी पाय जमिनीवर नीट टेकवला. तानाजी बघत होता. वनमाला वहिनी दारात उभ्या होत्या.

गहिनीनाथचं तोंड अजून भिंतीकडंच होतं.

"घाल ना बे," तो म्हणाला. "कावून थांबलास?"

चप्पल केव्हाचीच त्याच्या पायात होती.